डोकेदुखी अंगावर काढू नका



रमजानला महिना-दीड महिना उरला की या सदराकडे एक प्रश्न हमखास येतो. कधी पत्रातून, कधी फोनवर, कधी एखाद्या लग्नात बाजूला घेऊन. आवाज खाली आणून भगिनी विचारतात, "पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली तर चालते ना? सगळे रोजे एकदम होऊन जातात." हजला किंवा उमराला निघालेल्या कित्येक जणी तर विचारतही नाहीत, मेडिकलमधून पाकीट आणून बॅगेत टाकतात.

आजवर आम्ही "डॉक्टरांना विचारून घ्या" एवढेच उत्तर देत आलो. गेल्या रमजानमध्ये आमच्या ओळखीच्या एका घरात जे घडले, त्यानंतर हे उत्तर फार तोकडे आहे असे आम्हाला वाटू लागले. त्या घरच्यांच्या परवानगीने, नावगाव न सांगता, ती हकीगत आधी सांगतो.

मुलगी सत्तावीस वर्षांची. दोन लेकरांची आई, एकत्र कुटुंबातली धाकटी सून. सहरीला सगळ्यांच्या आधी उठायची, इफ्तारला सगळ्यांच्या नंतर बसायची. मागच्या वर्षीचे सात कजा रोजे तिच्या अंगावर राहिले होते. घरकामात आणि मुलांच्या शाळेत ते भरायला सवडच मिळाली नव्हती. म्हणून या वर्षी एकही रोजा सोडायचा नाही असे तिने ठरवले. नणंदेने सांगितलेली गोळी मेडिकलमधून आणवली आणि इफ्तारनंतर व सहरीला घेऊ लागली. घरात कोणाला सांगितले नाही. सांगण्यासारखी गोष्ट आहे, असे तिला वाटलेच नाही.

अठराव्या रोज्याला डोके दुखू लागले. सासूबाई म्हणाल्या, "दिवसभराचा चहा सुटलाय दुल्हन, त्यानं होतं. इफ्तारला दोन कप घे." तिने चहा घेतला, डोकेदुखीची गोळीही घेतली. तासभर बरे वाटले, मग पुन्हा सुरू. दोन दिवसांनी आडवे पडले की दुखणे वाढू लागले. तरावीह पढताना सजद्यात गेली की डोके फुटेल असे वाटे. मग उलट्या सुरू झाल्या, नजर धूसर झाली. "उन्हाचे रोजे आहेत, पित्त झाले असेल," असे म्हणून तोही दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सहरीच्या रोट्या लाटता लाटता तिचा उजवा हात आखडला, तोंड वाकडे झाले आणि ती ओट्याजवळच कोसळली. सगळ्या अंगाला झटके येऊ लागले.

आवाज ऐकून शेजारच्या खाला धावत आल्या. म्हणाल्या, "हा असर आहे, आधी आमिलना बोलवा." सासरे म्हणाले, "दुआ रस्त्यात करू. गाडी काढा." त्या एका वाक्याने तिचा जीव वाचवला, असे आम्ही आजही मानतो.

पहिल्या दवाखान्यात साधा सीटी स्कॅन झाला, त्यात ठळक काही दिसले नाही. उपाशीपोटी साखर उतरली असेल म्हणून सलाईन लावले. दुपारी दुसरा झटका आला तेव्हा तिला शहरातल्या मोठ्या रुग्णालयात हलवले. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "अलीकडे बाळंतपण झालंय का? पाळीच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का?" पलंगाभोवती नवरा, सासरे, दीर उभे. कोणी बोलेना. डॉक्टरबाईंनी पुरुषांना बाहेर पाठवले. तेव्हा नणंद रडत म्हणाली, "हो. मीच सांगितली होती."

त्या उत्तरानंतर तासाभरात एमआरआय झाला आणि आजार कळला. मेंदूतून रक्त बाहेर नेणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी झाली होती.

हा आजार समजून घेऊ. हृदयाकडून मेंदूकडे रक्त नेतात त्या धमन्या. मेंदूतले वापरलेले रक्त परत आणतात त्या शिरा. या शिरा कवटीच्या आतल्या आवरणात असलेल्या मोठ्या नाल्यांत रिकाम्या होतात. त्यांना सायनस म्हणतात. सर्दीत भरतात ते नाकाचे सायनस वेगळे, हे वेगळे. तिथून रक्त मानेतल्या शिरेवाटे हृदयाकडे जाते. आपल्याला माहीत असलेला अर्धांगवायू बहुतेक वेळा धमनी बंद झाल्याने होतो आणि तो साधारण उतारवयातला. इथे मात्र बाहेर जाण्याचा रस्ता बंद होतो. मोरीचे तोंड तुंबले की पाणी न्हाणीघरात चढते, तसे रक्त मागे साचते. डोक्यातला दाब वाढतो, मेंदूला सूज येते, कधी बारीक शिरा फुटून रक्तस्रावही होतो. डॉक्टर याला सेरेब्रल व्हीनस थ्रॉम्बोसिस, थोडक्यात सीव्हीटी म्हणतात.

हा आजार नवा नाही. १८२८ मध्ये एडिंबरोचे वैद्य जॉन अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी २४ वर्षांच्या एका बाळंतिणीची नोंद लिहून ठेवली आहे. बाळंतपण सुखरूप झाले होते. दोन आठवड्यांनी झटके येऊन ती दगावली. मेंदूच्या शिरांत गुठळी सापडली.

आजार दुर्मिळ आहे, हेही तितकेच स्पष्ट सांगायला हवे. नेदरलँड्समध्ये केलेल्या मोजणीत वर्षाला दहा लाख प्रौढांमागे सुमारे १३ रुग्ण आढळले. ३१ ते ५० वयाच्या स्त्रियांत मात्र हे प्रमाण सुमारे २८ होते. एकवीस देशांतल्या ६२४ रुग्णांचा एक मोठा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चारपैकी तीन रुग्ण स्त्रिया होत्या आणि निम्मे रुग्ण ३७ वर्षांच्या आतले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणी गर्भनिरोधक गोळ्या घेत होत्या आणि सुमारे पाचांतली एक गरोदर किंवा बाळंतीण होती.

तरुण स्त्रियाच का? कारण इस्ट्रोजेन हे संप्रेरक रक्ताचा गोठण्याकडचा कल वाढवते. गरोदरपणात हा कल निसर्गतःच वाढतो, बाळंतपणात अति रक्तस्राव होऊ नये यासाठी, आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे तरी तो टिकतो. अनेक गर्भनिरोधक गोळ्यांत इस्ट्रोजेन असते. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या माला-एनमध्येही असते. पाळी पुढे ढकलण्यासाठी आपल्याकडे सर्रास घेतली जाते ती नॉरएथिस्टेरॉनची गोळी. ती इस्ट्रोजेन नव्हे, पण पाळी थांबवण्याच्या मोठ्या मात्रेत घेतल्यावर तिचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. त्यात अंगातले पाणी कमी झाले, रक्तात लोह कमी असले किंवा घराण्यातच गुठळ्या होण्याचा दोष असला, तर एकावर एक कारणे चढत जातात. लोह कमी असणे ही तर आपल्या घराघरातली गोष्ट. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला आहे.

इराणमधल्या इस्फहान शहरातल्या डॉक्टरांचे या विषयाकडे बऱ्याच वर्षांपूर्वी लक्ष गेले. रमजानचे सगळे रोजे व्हावेत म्हणून महिनाभर गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत हा आजार होत असल्याचे त्यांनी नोंदवले. याचा अर्थ रोजा धोक्याचा असतो असा कोणी काढू नये. निरोगी माणसाला रोज्याने हा आजार जडतो असे नाही. पण गोळी, उन्हाळा, कमी पाणी आणि अपुरी झोप एकत्र आली की ज्या मोजक्या जणींच्या रक्तात आधीच दोष असतो, त्यांचे पारडे झुकते. आणि आपण त्या मोजक्या जणींत आहोत की नाही, हे मेडिकलच्या काउंटरवर उभे राहून कोणालाच कळत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही गोळी घ्यावीच का लागते? पाळीच्या दिवसांत रोजा नाही, हा हुकूम आपल्याला माहीत आहे. ते रोजे नंतर भरायचे, त्या दिवसांच्या नमाजा मात्र माफ. आजारी आणि प्रवासी माणसालाही कुरआनने सूरह बकराहमध्ये दुसऱ्या दिवसांची मुभा दिली आहे. म्हणजे त्या दिवसांत रोजा न ठेवणे हेच हुकूम पाळणे आहे. त्यात कमीपणा कसला? अनेक उलमांनी पाळी लांबवणाऱ्या गोळीला परवानगी दिली आहे हे खरे, पण शरीराला नुकसान होता कामा नये ही अट घालूनच. अट पाळली जाते की नाही हे पाहणार कोण? डॉक्टर. आणि डॉक्टरांकडे तर आपण जातच नाही.

खरे कारण आम्हाला वेगळे दिसते. पाळीच्या दिवसांत आपल्या मुली स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या राहून घाईघाईने दोन घास खातात. घरातल्या पुरुषांना कळू नये म्हणून सहरीला उठून बसतात. दिवसभर घोटभर पाणी पिण्याचीही चोरी. ईदनंतर सगळे घर खातेपिते असताना एकटीने सात-आठ कजा रोजे ठेवणे तर त्याहून जड. या सगळ्यातून सुटका म्हणून गोळी घेतली जाते. शरम दीनची असते तेव्हा ती हया. पण आजारी मुलीच्या पलंगाभोवती उभे राहून सगळे घर गप्प बसते, त्याला काय म्हणावे?

हजची अडचण वेगळी आहे, हे आम्हाला मान्य आहे. तवाफे-जियारत पाकीशिवाय होत नाही आणि काफिल्याच्या परतीची तारीख कोणासाठी थांबत नाही. तिथे गोळीची गरज खरोखर पडू शकते. म्हणूनच निघण्यापूर्वी दोन महिने तरी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. पूर्वी पायात, फुप्फुसात किंवा कुठेही गुठळी झाली असेल, आई-बहिणीला झाली असेल, अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे चमक येत असेल, रक्तदाब असेल, तंबाखू-मिश्रीची सवय असेल, तर ते न विचारताही सांगा. कोणती गोळी, किती, किती दिवस, हे त्यांनी ठरवू द्या. मैत्रिणीला चालली म्हणून आपल्याला चालेल असे नसते. आणि पाळी आलीच तर मन खट्टू करू नका. खुद्द हजरत आयशा (रजि.) यांना हजच्या वाटेवर पाळी आली, त्या रडू लागल्या, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांची समजूत काढली आणि तवाफ सोडून हाजींची बाकी सारी कामे करायला सांगितले.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करतो. हे वाचून कोणी चालू असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या मनाने बंद करू नयेत. लाखो स्त्रियांना त्या सोसतात, आणि नको असलेल्या गरोदरपणात गुठळीचा धोका त्याहून अधिक असतो. शंका असेल तर डॉक्टरांशी बोला. तांबीसारखे संप्रेरक नसलेले उपायही आहेत.

दुसरी नाजूक वेळ म्हणजे बाळंतपण. आपल्याकडे चिल्ल्याच्या चाळीस दिवसांत बाळंतिणीला हरीरा, डिंकाचे लाडू, शेक, धुरी सगळे प्रेमाने होते. पण कित्येक घरांत पाणी मोजून दिले जाते. पोट सुटते, टाके भरत नाहीत, बाळाला सर्दी होते, अशी कारणे सांगतात. यातले एकही खरे नाही. बाळंतीण दूध पाजते, घाम गाळते, तिचे रक्त आधीच गोठण्याकडे झुकलेले असते. तिला तहानलेली ठेवणे म्हणजे त्यात भर घालणे. दादी-नानींना आमची अदबीने विनंती आहे, लाडू तुमच्या पद्धतीने द्या, पाणी मात्र ती मागेल तेवढे द्या. शक्य होताच तिला उठून खोलीत, अंगणात फिरू द्या आणि लोहाच्या गोळ्या बंद करू नका.

आता लक्षणे. हा भाग कापून फ्रिजवर लावला तरी चालेल.

या आजाराच्या दहापैकी जवळपास नऊ रुग्णांना डोकेदुखी असते. ती नेहमीच्या डोकेदुखीसारखी नसते. दिवसागणिक वाढत जाते. आडवे पडल्यावर, वाकल्यावर, खोकल्यावर किंवा पहाटे जास्त होते. गोळीने तेवढ्यापुरती दबते. सोबत उलट्या, धूसर किंवा दुहेरी दिसणे, एका हातापायाची ताकद जाणे, बोलणे अडखळणे, गुंगी किंवा झटके येऊ शकतात. सिझेरियनच्या वेळी कमरेत दिलेल्या इंजेक्शननंतरही डोके दुखते, पण ते बहुधा उठून बसल्यावर वाढते आणि आडवे पडल्यावर थांबते. तसे होत नसेल, किंवा आधी तसे असून नंतर झोपूनही दुखू लागले, तर थांबू नका.

म्हणून एकच नियम लक्षात ठेवा. स्त्री गरोदर असेल, बाळंत होऊन दीड-दोन महिने झाले नसतील, किंवा ती संप्रेरकांची कोणतीही गोळी घेत असेल, आणि तिला पूर्वी कधी न झालेली, दिवसागणिक वाढणारी डोकेदुखी सुरू झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत झटका, उलटी, नजर किंवा हातापायाची तक्रार असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात न्या. १०८ ला फोन करा. झटका चालू असताना तोंडात चमचा, पाणी काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. कुशीवर वळवा आणि डोक्याखाली मऊ काही ठेवा. अशा वेळी रोजा सोडण्याची मुभा आहे का, हा विचार करत बसू नका. मुभा आहे.

डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, "बाळंत होऊन इतके दिवस झाले," किंवा "ही गोळी इतके दिवस चालू आहे." पाकीट सोबत न्या. साध्या सीटी स्कॅनमध्ये हा आजार बऱ्याचदा दिसत नाही. शिरांचा एमआर किंवा सीटी व्हेनोग्राम करावा लागतो, आणि तो करायचे डॉक्टरांच्या मनात येते ते या एका माहितीमुळे. लाज वाटत असेल तर कागदावर लिहून द्या.

वेळेत कळले तर आजार बरा होण्यासारखा आहे. उपचार म्हणजे रक्त पातळ करणारे हेपॅरिनचे इंजेक्शन, पुढे काही महिने गोळ्या. मेंदूत थोडा रक्तस्राव दिसत असतानाही हेच इंजेक्शन देतात, तेव्हा नातेवाईक घाबरतात. भीती स्वाभाविक आहे. जर्मनीत १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २० रुग्ण झाल्यावरच फरक इतका स्पष्ट दिसला की चाचणी तिथेच थांबवली गेली. हेपॅरिन मिळालेले रुग्ण बरे होत होते. मूळ दुखणे शिर तुंबण्याचे आहे, तो रस्ता मोकळा झाला की दाब उतरतो. वर सांगितलेल्या ६२४ रुग्णांच्या अभ्यासात साधारण पाचांतले चार पूर्ण किंवा जवळपास पूर्ण बरे झाले. पण बाराजणांमागे एकाचा मृत्यू झाला, हेही विसरून चालणार नाही.

एकदा हा आजार झालेल्या स्त्रीने इस्ट्रोजेनची गोळी पुन्हा घ्यायची नसते, पाळी लांबवणारी गोळीही मनाने घ्यायची नसते. पुढचे बाळंतपण होऊ शकते, पण डॉक्टरांना आधी सांगून आणि त्यांच्या देखरेखीखालीच.

आमच्या हकीगतीतली मुलगी बरी आहे. हाताची ताकद हळूहळू परत आली, रोट्या पुन्हा गोल होऊ लागल्या. झटक्यांची गोळी अजून चालू आहे. रोज्यांबद्दल डॉक्टरांनी "मी सांगेन तेव्हा" म्हटले आहे, आणि ती वाट पाहते आहे. त्या घरात मात्र एक बदल झाला. स्वयंपाकघरात पाण्याची बाटली आणि खजुराचा डबा आता उघड्यावर असतो. ज्या मुलीला रोजा नाही ती तिथे बसून खाते, आणि सासरे आत येताना खाकरून येतात. सासूबाईंनी थोरल्या सुनेला सांगितले आहे, "तुझे कजा रोजे शव्वालमध्ये ठेव. मी माझे सहा ठेवीन, दोघी मिळून सहरी करू."

येत्या रमजानपूर्वी आपल्या घरातही एवढे बोलणे व्हावे. आईने मुलीशी, सासूने सुनेशी, आणि नवऱ्यानेही बायकोशी. अल्लाह सर्व भगिनींना आफियत देवो. आमीन.